माझ्या मरणाची खबर

मी एकदा मेलोय. चेष्टा करत नाही. कचेरीच्या कागदावर माझं नाव चढलं, गावात सांगावा गेला, बायकोनं उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या आणि माझ्या चुलत्यानं तिरडीचे बांबू तोडायला कोयतासुद्धा काढला. चुलत्यानं जरा जास्तच घाई केली असं मला अजून वाटतं. नातवंडं हा किस्सा पुन्हा पुन्हा सांगायला लावतात आणि खिदळतात. मी त्यांना अर्धाच सांगतो. उरलेला अर्धा हसण्यासारखा नाही, तो आज लिहून काढतो.

लढाईची वर्षं होती ती. आमचं गाव बेळगावपासून खानापूर रस्त्याला सात मैलांवर. गावातली आम्ही सात जणं रोज पहाटे म्हशी पिळायचो, दुधाच्या किटल्या सायकलीला दोन्ही बाजूंनी अडकवायचो आणि बेळगावात रतीब घालायला निघायचो. सात सायकली, एकामागं एक. सगळ्यांत पुढं आप्पा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, बुटका, रुंद खांद्याचा, आणि आवाज असा की पलीकडच्या शिवारातली बैलं दचकावीत. आम्हा सहाही जणांना सायकल त्यानंच शिकवली. शिकवली म्हणजे काय, मागनं ढकलून द्यायचा आणि पडलो की आईबाप काढायचा. रस्त्यात खड्डा आला की तो पुढनं ओरडायचा, "खड्डा रं!" मग दुसरा ओरडायचा, तिसरा ओरडायचा, असा तो खड्डा शेवटच्या गड्यापर्यंत पोचायचा. मोटार आली की "गाडी रं!" त्या रांगेत मला घरापेक्षा जास्त बरं वाटायचं. हे बायकोला कधी सांगितलं नाही, उगीच कशाला.

शहराच्या नाक्यावर एक चहाचं दुकान होतं, तिथं आम्ही थांबायचो. तिथनं प्रत्येकाची वाट वेगळी. कुणी शहापुरात, कुणी पेठेतल्या गल्ल्यांत, आप्पा कॅम्पात. आमच्यात धड सायकल एकच होती, ती माझी. दोन दांड्यांची, जाड टायरची, ब्रेक दाबला की जागेवर उभी राहणारी. निपाणीच्या माझ्या सासऱ्यानं लग्नात दिलेली. म्हणून नाक्यावर आमचा एक रिवाज पडला होता. ज्याच्याकडं त्या दिवशी सगळ्यांत जास्त दूध, त्यानं माझी सायकल घ्यायची आणि आपली मला द्यायची. परत जाताना पुन्हा अदलाबदल. त्याला कुणी कुणाला विचारत नव्हतं.

एक नियम मात्र कडक होता, आणि तो माझ्यामुळं पडला होता. सीटला हात लावायचा नाही. मी ताडमाड, माझी सीट उंच. एकदा एकानं माझी सायकल नेली, पान्ह्यानं सीट खाली केली आणि तशीच परत दिली. घरी जाईस्तोवर माझे गुडघे हनुवटीला लागले. दुसऱ्या दिवशी नाक्यावर मी असा काही तमाशा केला की चहावाल्यानं दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. "सायकल न्या, दूध न्या, माझी म्हस न्या, पर सीटला हात लावशीला तर तंगडं मोडून हातात देईन!" राग माझा तसलाच, आजही तसलाच आहे. सगळे हसले. आप्पा सगळ्यांत जास्त हसला. "बरं बाबा," म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुझं शिंव्हासन." त्या दिवसापासनं कुणीच कुणाच्या सीटला हात लावेना. उंच माणूस बुटक्याच्या सायकलीवर गुडघे फाकवून जायचा आणि बुटका उंचाच्या सायकलीवर चवड्यांनी पायडल मारत जायचा. आम्हाला त्याची गंमत वाटायची. सात जाणती माणसं, बायकापोरंवाली, पण ह्यात काही वावगं आहे असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी कॅम्पातल्या एका ख्रिस्ती घरात लग्न होतं आणि आप्पाकडं दोन किटल्या जास्तीच्या होत्या. साहजिकच माझी सायकल त्याला. माझ्या सायकलीवर चढायला त्याला चहाच्या दुकानाची पायरी लागायची. पायरीवर चढला, टांग टाकली आणि मला म्हणाला, "काय रं, तुझ्या सासऱ्यानं जावई बघून सायकल घेतली, का सायकल बघून जावई?" मी म्हणालो, "जा, दूध नासंल." हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

मी त्याची सायकल घेतली, माझा रतीब उरकला आणि पेंड आणायला बाजारात गेलो. नऊ-साडेनऊ झाले असतील. पेंडीच्या दुकानात एक हमाल पोतं टाकता टाकता सहज बोलला, "कॅम्पात गवळी चेंगारला म्हणं. तंबाखूच्या लॉरीखाली." दुकानदार म्हणाला, "आरारारा." आणि तराजूत वजन टाकलं. मी तशीच पेंड टाकली आणि सुटलो. वाटेत स्वतःला सांगत होतो की बेळगावात काय एकच गवळी आहे व्हय? पन्नास गावचे गवळी येतात. आप्पा कसा चेंगारेल? आप्पा दुसऱ्याला वाट दाखवणारा माणूस.

कॅम्पातल्या चौकात गर्दी होती. माणसांच्या पायांतनं मला आधी माझी सायकल दिसली. पुढचं चाक मुडपलं होतं, बाकी तिला काही झालं नव्हतं. दूध रस्त्यावरनं गटारीपर्यंत वाहत गेलं होतं आणि दोन कुत्री ते चाटत होती. मी धोंडा उचलला आणि कुत्र्यांना मारला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. लोकांनी मला धरलं. माणूस कुठं आहे हे विचारायचं सोडून मी कुत्र्यांना शिव्या देत होतो. आज आठवलं तरी लाज वाटते.

कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सगळं बघितलं होतं. त्यानं सांगितलं ते असं. आप्पाच्या पुढं टांगा होता, तो मधेच थांबला. मागनं निपाणीकडची लॉरी येत होती, तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, वरपर्यंत रचलेली. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून त्या दिवसांत लॉऱ्या कोळशाच्या धुरावर चालायच्या, तसली ती. ती टांग्याला वळसा घालून उजवीकडनं पुढं निघाली होती. "गवळ्यानं ब्रेक दाबला," पानवाला म्हणाला. "सायकल थांबली बी. झकास थांबली. मग त्यो पाय टेकाय गेला, तर पाय पोचंना भुईला. उजव्या अंगाला कलंडला बघा, किटल्यांसकट."

मी पानवाल्याचं मानगूट धरलं. "खोटं बोलतोस!" म्हणून ओरडलो. तो बिचारा म्हणाला, "मी कशाला खोटं बोलू, मालक?" तो खोटं बोलत नव्हता. सायकल थांबली होती. ब्रेक चांगला होता, माणूस हुशार होता, आणि वीतभर खाली सीट असती तर त्याचा पाय टेकला असता. सीट खाली करायला एक पान्हा आणि दोन मिनिटं लागतात. मी नको म्हटलं होतं. ही गोष्ट मी त्याच्या घरात कधी बोललो नाही, माझ्या घरातही नाही. पुढं कधीतरी नाक्यावरच्या त्या चहाच्या दुकानात कुणीतरी खुंटीला एक पान्हा टांगला. कुणी टांगला, कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. त्यानंतर अदलाबदल झाली की आधी सीट खालीवर व्हायची आणि मग चहा.

सायकलीजवळ एक पोलीस उभा होता. मी त्याला म्हणालो, "ही माझी सायकल हाय. माणूस कुठं नेला?" त्यानं वहीत बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्या काळी शहरात सायकल चालवायची तर कचेरीतनं पितळी बिल्ला घ्यावा लागे. बिल्ल्यावर नंबर आणि कचेरीच्या वहीत त्या नंबरापुढं मालकाचं नाव. पोलीस म्हणाला, "तुमची कशी? ह्या नंबरचा माणूस तर मेला."

"त्यो मीच!"

"मेला त्यो?"

"नंबरचा! नंबरचा माणूस मी! मी मेलो न्हाई!" तो कानडी मुलखातला होता, म्हणून कानडीतनंही सांगितलं, "ना सत्तिल्ल री!" गर्दीतलं कुणीतरी फिसकन हसलं. पोलीस कावराबावरा झाला. प्रेत दवाखान्यात गेलं होतं, ओळख सांगायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं बिल्ल्यावरनं कचेरीत नाव काढून घेतलं होतं. चुकलं काही नव्हतं त्याचं. "मग मेला कोण?" त्यानं विचारलं, पेन्सिल सरसावून. मी आप्पाचं नाव सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, उच्चारलं. त्यानं माझ्या नावावर काट मारली आणि वर ते लिहिलं. मग मान वर करून म्हणाला, "पर तुमच्या गावाला शिपाई गेला की. मगाशीच, मोटारीनं."

दवाखान्यात काय बघितलं ते इथं लिहीत नाही. बाहेर आलो तर फाटकापाशी आमची पाच जणं आली होती. सगळ्यांच्या किटल्यांत दूध तसंच. मला बघून एकजण किंचाळला, दुसऱ्यानं गपकन मिठी मारली. "आरं तू हाईस! तू हाईस व्हय रं!" त्यांनी माझी सायकल बघितली होती आणि घाबरून सकाळची अदलाबदल विसरून, मीच गेलो म्हणून दवाखाना गाठला होता. मला चाचपून चाचपून बघत होते आणि हसत होते. मग हसू थांबलं. आम्ही सहा जणं होतो आणि सातवा कोण हे कुणाला मोजावं लागलं नाही. जो सगळ्यांत मोठ्यानं हसला होता तोच भिंतीला टेकून खाली बसला आणि आपल्याच तोंडात मारून घ्यायला लागला. आम्ही त्याला आवरलं नाही. आम्हाला तरी कुठं काय सुचत होतं.

मग एकजण म्हणाला, "गावात काय चाललं असंल?" तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. गावात माझ्या घरी रडारड सुरू झाली असणार. आणि आप्पाच्या घरी चूल पेटली असणार, वैनी नवऱ्याची वाट बघत भाकऱ्या थापत असणार. तिला हे कुणा शिपायाकडनं, कुणा वाटसराकडनं कळता कामा नये. आम्ही सांगायचं. आम्हीच. दोघं दवाखान्यात थांबले, प्रेत बैलगाडीनं आणायचं होतं. आम्ही चौघं निघालो.

सात मैल. रोजची वाट. पण रांग काही लागेना. पुढं कुणी व्हायचं? एकजण पुढं गेला, कसानुसा झाला आणि मागं आला. शेवटी चौघं आडवे, घोळक्यानं चाललो. सायकलवर रडणं लई अवघड, हात सोडून डोळे पुसता येत नाहीत. सगळे खड्डे लागले आम्हाला त्या दिवशी. एकदा एक गडी आडवा झाला, उठला आणि परत सायकलीवर बसला. माझे गुडघे आप्पाच्या सायकलीच्या हँडलवर आपटत होते आणि मी मनात एकच घोकत होतो की वैनीला काय सांगायचं, कसं सांगायचं, कुठल्या शब्दानं सुरुवात करायची.

गावाच्या ओढ्यावर एक म्हातारी धुणं धूत होती. मला बघितलं आणि धुणं तसंच टाकून बोंबलत पळाली. पुढं चुलता कोयता घेऊन बांबूच्या बेटापाशी. त्याच्या हातनं कोयता पडला. "आरं कोण हाईस तू?" म्हणाला. मी म्हणालो, "मी हाय, कोयता ठेव खाली." आणि तसाच पुढं गेलो.

माझ्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. मधे माझी बायको, केस सुटलेले, मनगटातनं रक्त. आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती वैनी. आप्पाची बायको. माझी खबर ऐकल्यावर तव्यावरची भाकरी तव्यावर टाकून ती धावत आली होती. म्हाताऱ्या बायका माझ्या बायकोचं कुंकू पुसायला पुढं होत होत्या आणि वैनी त्यांना एका हातानं ढकलत होती. "माणसाचं तोंड बघितल्याबिगार कुंकवाला हात लावायचा न्हाई! आमचं हे येऊ द्यात. ते आले की खरं काय ते सांगतील."

मग माझ्याकडं बघितलं कुणीतरी.

काय गलका उठला म्हणून सांगू! बायको उठून उभी राहिली आणि पुन्हा पडली. बाप्ये रडायला लागले, बाया हसायला लागल्या. कुणी माझे गाल ओढतंय, कुणी पाय चाचपतंय उलटे आहेत का म्हणून. "आयुष्य वाढलं रं तुझं! शंभरी गाठतंय आता!" मेल्याची खोटी खबर आली की माणसाचं आयुष्य वाढतं, आमच्याकडं सगळेच मानतात. तोंड गोड करायचं असतं. मी तोंड उघडलं की कुणीतरी गळ्यात पडायचं. वैनीच धावत माझ्या घरात गेली, डब्यातली साखर मूठभर घेऊन आली आणि माझ्या तोंडात कोंबली. रेशनची साखर, सणाला जपून ठेवलेली. वैनी हसत होती आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं. "भावजी, मेलो म्हणून सांगत्यात व्हय असं? जीव घेतलासा की आमचा!"

साखर तोंडात. थुंकता येईना, गिळता येईना. माझ्या मागं तिघं खाली मान घालून उभे होते, त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. वैनीचं गेलं. मग तिची नजर माझ्या हातातल्या सायकलीवर आली.

"ही आमची न्हवं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मग तुमची कुणाकडं हुती?"

तिला रिवाज माहीत होता. गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होता. "आप्पाकडं," मी म्हणालो. तोंडातनं शब्दाबरोबर साखर सांडली.

वैनीच्या तोंडावर हसू आलं. ते हसू मला अजून झोपू देत नाही. "तुमची बी खबर आलतीच की," ती म्हणाली. "कागद घिऊन शिपाई आलता. खोटीच निघाली न्हवं? मग ह्येंची बी खोटीच." ती बायकांकडं वळली. "खोटीच हाय गं. ह्येंचं बी आयुष्य वाढलं." माझी बायको तिला बिलगून म्हणाली, "व्हय आक्का, खोटीच." म्हाताऱ्याही म्हणाल्या, असंल, असंल. चुलता म्हणाला, कचेरीवाल्यांचं काय खरं. बघता बघता सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं, मी हो म्हणावं म्हणून. हो म्हटलं असतं तर गाडी येईपर्यंत, संध्याकाळपर्यंत, ती सुखात राहिली असती. लई वाटलं, म्हणावं. देवाशपथ सांगतो, जीभ उचललीही होती.

"वैनी," मी म्हणालो, "कागद न्हाई आणलेला मी. बघून आलोय. डोळं उघडं हुतं त्येंचं. ह्या हातानं मिटून आलोय."

तिनं तो माझा हात धरला. उलटा करून, सुलटा करून बघितला. मग आपल्या कपाळावर ठेवला आणि कुंकवावरनं ओढला.